पडदा चालू, चित्र बंद : जुन्या टीव्हीवरील एका अदृश्य कुलपाचा इतिहास

दिवाळीच्या सुटीत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कित्येक घरांत एक छोटासा प्रसंग घडतो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा नवा टीव्ही घेतो, तेव्हा जुना टीव्ही टेम्पोत घालून गावी धाडला जातो. जुना म्हणजे टाकाऊ नव्हे. २००५-०६ च्या सुमारास घेतलेला तो रुंद, जड एचडी संच त्या काळी घरातील बहुधा सर्वांत महाग वस्तू होता. त्याचा पडदा अजून स्वच्छ आहे, आवाज खणखणीत आहे. पुढच्या खेपेस मुलगा इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारी बोटभर लांबीची स्टिक घेऊन येतो. टीव्हीच्या पाठीमागे तिच्या मापाचे सॉकेट नसते, म्हणून बाजारातून एक ॲडॉप्टर आणला जातो. पडद्यावर नावे झळकतात, पोस्टरे दिसू लागतात, घरची मंडळी सरसावून बसतात. चित्रपट सुरू करताच पडदा काळा होतो.

‘टीव्ही गेला,’ असा निर्वाळा घरातील वडीलधारे देतात आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची चौकशी होते. वास्तविक टीव्हीला काहीही झालेले नसते. स्टिकने त्याला एक प्रश्न विचारला, त्या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक नव्हते, आणि उत्तर न आल्यामुळे स्टिकने चित्र रोखून धरले. हा प्रश्न कोणी घडवला, कशासाठी घडवला आणि त्याचा भुर्दंड अखेर कोणाच्या माथी बसला, याचा हा धागा.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते चित्र पुण्याच्या परिसरात पोहोचू लागले. (तानाजी मालुसऱ्यांच्या गडावरील तो मनोरा पाहून नाक मुरडणारे इतिहासप्रेमी आजही भेटतात. तथापि उंचावरून दूरवर संदेश पाठवणे हे काम गडांना नवे नव्हते.) बारामती-इंदापूरकडच्या लोकांना चित्रासाठी बराच खटाटोप करावा लागे. उंच बांबूवर अँटेना, तिला बूस्टर, आणि वारा सुटला की एकाने माळवदावर चढून ती फिरवायची, दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे. मुंग्या दिसत, सावल्या दिसत. पण जे काही अडत असे ते अंतरामुळे आणि हवेमुळे. समोरचा संच कोणत्या कारखान्यातून आला, कोणत्या साली घडला, याची विचारपूस त्या लहरी करीत नव्हत्या.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शन रंगीत झाले. त्या प्रसंगी जे घडले त्याचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. भारताने स्वीकारलेली ‘पाल’ ही रंगपद्धती अशी रचलेली होती, की प्रकाशाची माहिती पूर्वीच्याच जागी राही आणि रंगाची माहिती तिच्या सोबतीने वेगळी पाठवली जाई. रंगीत संच दोन्ही वाची. कृष्णधवल संच आपल्यापुरती प्रकाशाची माहिती उचली आणि रंग सोडून देई. परिणामी १९७३ चा संच १९८३ सालीही चालला, १९९३ सालीही चालला. त्याला कमी मिळाले, परंतु मिळाले. हे आपोआप घडले नाही. अमेरिकेत १९५० मध्ये कृष्णधवल संचांवर मुळीच न दिसणारी एक रंगीत पद्धती मान्य झाली होती. ती टिकली नाही, आणि १९५३ मध्ये जुन्या संचांना सामावून घेणारी पद्धती स्वीकारावी लागली. अभियंत्यांनी जुन्या ग्राहकाचा विचार केला, कारण तसा विचार करणे त्यांना भाग पडले.

चित्र मुद्दाम बिघडवून पाठवण्याची कल्पना व्हिडिओ कॅसेटच्या काळात आली. एशियाडनंतर व्हीसीआर घराघरांत आणि व्हिडिओ पार्लरांत शिरले, चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाला, आणि १९८४ मध्ये भारतीय कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओचौर्याची शिक्षा वाढवण्यात आली. त्याच सुमारास अमेरिकेत ‘मॅक्रोव्हिजन’ नावाची युक्ती बाजारात उतरली. चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत खोटे, अतितीव्र ठोके पेरायचे. टीव्हीला त्यांचा त्रास होत नसे. परंतु रेकॉर्ड करणाऱ्या व्हीसीआरचे प्रकाशाचे गणित त्यांनी चुके आणि नक्कल केलेले चित्र आलटून पालटून उजळ व अंधुक होई. पुढे डीव्हीडी प्लेअर आले. ज्या घरातील टीव्हीला फक्त अँटेनाचे सॉकेट होते, तेथे डीव्हीडी प्लेअर थेट जोडता येईना. म्हणून तो व्हीसीआरमधून जोडला जाई. नक्कल करण्याचा विचारही मनात नसलेल्या त्या घरात चित्र उजळू-मंदावू लागे. दुरुस्ती करणाऱ्याला ‘व्हीसीआरचं हेड खराब झालंय’ यापलीकडे काही सुचत नसे. चोरासाठी लावलेला सापळा जुना टीव्ही बाळगणाऱ्याच्या पायात अडकला, त्याचे हे आरंभीचे उदाहरण.

मग १९९९ उजाडले. डीव्हीडीवरील कुलूप उघडणारा एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवर आला. त्याच्या कर्त्यांपैकी यॉन लेक योहान्सन हा नॉर्वेचा किशोरवयीन मुलगा होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला; परंतु चित्रपट कंपन्यांनी जो धडा घ्यायचा तो घेतला होता. डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्पष्ट असे एचडी चित्र आता घरोघर जाणार होते. डिजिटल नकलेची नक्कल केली तरी दर्जा तसूभर उतरत नाही. तेव्हा प्लेअरमधून टीव्हीकडे जाणारी तारसुद्धा कुलूपबंद असावी, असा आग्रह धरला गेला. २००० साली इंटेल कंपनीने ते कुलूप पुढे केले. त्याचे लांबलचक नाव हाय-बँडविड्थ डिजिटल कंटेंट प्रोटेक्शन, आणि व्यवहारातील नाव एचडीसीपी.

त्याची रचना मोठी डौलदार आहे, आणि तिच्या डौलातच तिचा घात होता. प्रत्येक परवानाधारक यंत्राला ४० गुप्त किल्ल्या मिळतात, प्रत्येकी ५६ बिटांची. सोबत एक उघड क्रमांक मिळतो, ४० अंकांचा. त्यात नेमके २० एक आणि २० शून्ये असतात. प्लेअर आणि टीव्ही जोडले की दोघे आपापला उघड क्रमांक एकमेकांस सांगतात. समोरच्याच्या क्रमांकात जेथे जेथे ‘एक’ आहे, त्या त्या जागेवरील आपल्या गुप्त किल्ल्या प्रत्येकाने उचलायच्या आणि बेरीज करायची. दोन्ही बाजूंची बेरीज एकच येते, कारण सर्व किल्ल्या एकाच गुप्त कोष्टकातून काढलेल्या असतात. उत्तर जुळले की चित्र वाहू लागते. ज्याच्यापाशी किल्ल्याच नाहीत, त्याची बेरीज जुळणार कशी? अभियंते या प्रकाराला ‘हस्तांदोलन’ म्हणतात. शब्द सौजन्याचा असला तरी प्रकार नाक्यावर ओळखपत्र तपासण्याचा आहे.

यात काळाचा एक पेच होता. एचडी टीव्ही अमेरिकेत १९९८ पासून विकले जात होते. एचडीएमआय ही जोडणी २००२ च्या डिसेंबरात आली. मधल्या वर्षांतील संचांना एचडी चित्र मिळे ते कॉम्पोनंट जोडणीने, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या पिनांच्या ॲनालॉग तारांनी. काहींना संगणकाच्या मॉनिटरसारखे डीव्हीआय सॉकेट होते, पण त्यामागे किल्ल्या नव्हत्या. भारतात सपाट पडद्यांचे संच घरोघर दिसू लागले ते २००४-०५ नंतर. त्यांतही आरंभी कॉम्पोनंट आणि मॉनिटरची सॉकेटेच अधिक आढळत. आरंभीच्या परिच्छेदातील टीव्ही याच पिढीतला. स्टिकचा मेनू हा कोणाचा चित्रपट नव्हे, म्हणून कित्येक यंत्रे तो कुलपाविना पाठवतात. खरे चित्र सुरू होते तेव्हा ओळखपत्र मागितले जाते. सुरुवातीला चित्र दिसून नंतर पडदा काळा का होतो, याचे उत्तर हे असे.

युरोपात जानेवारी २००५ मध्ये ‘एचडी रेडी’ या शिक्क्याचे निकष ठरले. किमान ७२० ओळी, एवढेच त्याचे पात्रतेचे मोजमाप नव्हते. डिजिटल सॉकेटने एचडीसीपी मानलेच पाहिजे, अशी अटही त्यात होती. भारतीय दुकानांत मात्र ‘एचडी रेडी’ म्हणजे ‘फुल एचडीपेक्षा थोडा खालचा’, इतकाच अर्थ विक्रेत्याला ठाऊक होता आणि तेवढाच तो गिऱ्हाइकाला सांगे. कुलपाचा उल्लेख खोक्यावर कुठे आढळला, तर तो बारीक टायपात.

ॲनालॉग तारांची जुनी वाटही हळूहळू बुजवण्यात आली. ब्लू-रे चकत्यांच्या परवान्यात अशी सोय होती, की चित्रपट कंपनीने ठरवल्यास ॲनालॉग तारेवरील चित्र ९६० गुणिले ५४० बिंदूंपर्यंत उतरवावे. २०१० च्या अखेरीनंतर घडलेल्या प्लेअरांना त्या तारांवर फक्त साध्या दर्जाचे चित्र पाठवण्याची मुभा राहिली, आणि २०१३ नंतर तीही उरली नाही. परवान्याच्या भाषेत याला ‘ॲनालॉगचा सूर्यास्त’ म्हणतात. ज्याने पहिला एचडी संच भरपूर पैसे मोजून उत्साहाने घेतला, त्याच्याच अंगणात हा सूर्य सर्वांत आधी मावळला.

एवढे करून चोर अडले का? २००१ मध्येच स्कॉट क्रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की सुमारे ४० यंत्रांच्या किल्ल्या हाती आल्या तर साध्या बीजगणिताने मूळ गुप्त कोष्टक पुन्हा उभे करता येते. बेरजेवर बांधलेले कुलूप बेरजेनेच उघडते. डच तज्ज्ञ नील्स फर्ग्युसन यांनीही त्याच वर्षी हे कुलूप मोडल्याचे सांगितले, परंतु अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याखाली आपल्यावर कारवाई होईल या भीतीने निबंध प्रसिद्ध केला नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ते मूळ कोष्टक इंटरनेटवर प्रकटले आणि ते खरे असल्याचे इंटेलने मान्य केले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे २०० युरोंच्या साहित्यात तारेवरील चित्र उघड करून दाखवले. थोडक्यात, २०१० नंतर हे कुलूप मोडू इच्छिणाऱ्याला ते मोडता येत होते. ज्याला मोडायचे नव्हते, ज्याला फक्त पैसे भरलेला चित्रपट आपल्या टीव्हीवर पाहायचा होता, त्याच्यासाठी मात्र ते पूर्वीइतकेच भक्कम राहिले.

भारतातील चोरट्या प्रतींचा माग काढला तर ही विसंगती अधिकच उठून दिसते. महाराष्ट्राने २००९ मध्ये गुंडगिरीविरोधी एमपीडीए कायद्याच्या कक्षेत व्हिडिओचौर्य आणले. त्या काळी फुटपाथवर विकल्या जाणाऱ्या चकत्यांतील चित्रपट बहुधा थिएटरात कॅमेरा लपवून टिपलेले असत. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनापूर्वीच इंटरनेटवर फुटला, आणि फुटलेल्या प्रतीवर सेन्सॉरसाठी दिलेल्या प्रतीची खूण होती. घरातील प्लेअर ते घरातील टीव्ही या दीड मीटरच्या तारेचा या चोऱ्यांशी संबंध नव्हता. चित्रपट कंपन्यांच्या बाजूने एक रास्त मुद्दा मांडला जातो: हे कुलूप नसते तर त्यांनी एचडी चित्रपट घरी पाठवण्यास मुळात संमतीच दिली नसती. २००० साली तो मुद्दा खराही असेल. परंतु २०१० नंतर, किल्ली रस्त्यावर पडलेली असताना, दरवाजावरचा पहारा केवळ घरमालकाचीच झडती घेत राहिला, याचे समर्थन त्या मुद्द्यातून निघत नाही.

किल्ली फुटल्यावर उपाय म्हणून नवे कुलूप आले. २०१३ मध्ये एचडीएमआयसाठी एचडीसीपी २.२ जाहीर झाले; त्याचे गणित नव्याने रचलेले आहे, आणि समोरच्या यंत्राने काही मिलिसेकंदांत उत्तर दिले नाही तर ते दूरचे, म्हणून संशयास्पद, असे तेथे मानले जाते. ४के चित्रपटांसाठी हेच कुलूप सक्तीचे ठरले. त्यातून फसगतीची दुसरी पिढी जन्मली. २०१२-१३ मध्ये ज्यांनी पहिले ४के संच घेतले, त्यांच्या सॉकेटांत जुन्या कुलपाच्या किल्ल्या होत्या. २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास भारतात ४के सेट-टॉप बॉक्स आले, पुढे स्टिका आल्या. तेव्हा या संचांना ४के पडदा असूनही संरक्षित ४के चित्र मिळेना. बहुतेक संचांत किल्ल्या चिपमध्ये कोरलेल्या असल्याने सॉफ्टवेअर बदलूनही उपयोग नव्हता. काही संचांच्या चार सॉकेटांपैकी एकाच सॉकेटला नवे कुलूप होते, आणि ते कोणते हे पुस्तिकेच्या आतल्या पानावर सापडे.

येथे एक भेद स्पष्ट करणे न्यायाचे आहे. २००७-०८ नंतरचे, एचडीएमआय सॉकेट असलेले साधे एचडी टीव्ही अद्याप निकामी झालेले नाहीत. नवी यंत्रे समोर जुने कुलूप दिसले की बहुधा १०८० ओळींपर्यंत उतरून चित्र देतात. म्हणून असा टीव्ही काळा पडलाच, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी जाणकार मेकॅनिक चार गोष्टी करून पाहतो. मधला साउंडबार किंवा स्प्लिटर काढून यंत्र थेट टीव्हीला जोडतो. दुसरे सॉकेट वापरतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये ४के ऐवजी १०८० निवडतो. दोन्ही यंत्रांचा वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडतो, म्हणजे फिसकटलेले हस्तांदोलन नव्याने होते. मधल्या एकाही डब्याकडे किल्ली नसेल तर साखळी तेथेच तुटते. एका स्वस्त स्प्लिटरपायी चांगला टीव्ही ‘गेलेला’ ठरू शकतो.

खरी कोंडी आहे ती कॉम्पोनंटवाल्या संचांची, किल्ली नसलेल्या डीव्हीआय संचांची, शाळांतील जुन्या प्रोजेक्टरांची आणि पहिल्या ४के संचांची. बाजारात त्यांच्यासाठी छोटे कन्व्हर्टर मिळतात. एचडीएमआयचे चित्र घेऊन ते ॲनालॉग पिनांवर देतात आणि त्यांतील काही कुलूप गुपचूप उतरवतात. परवान्याच्या अटींत ते बसत नाही. कायद्यात बसते का, हा प्रश्न अधिक रंजक आहे.

अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने कुलूप उघडणे हेच मुळात निषिद्ध केले. आतील माल चोरायचा होता की नाही, हा विचार तेथे दुय्यम. भारताने वेगळी वाट धरली. २०१२ च्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. त्यानुसार संरक्षणाचा तांत्रिक उपाय चुकवणारी व्यक्ती दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड यांस पात्र होते, परंतु ते कृत्य कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने केलेले असेल तर. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप ओलांडण्यास ते कलम आडकाठी करीत नाही. पैसे भरून मिळवलेला चित्रपट आपल्याच घरी, आपल्याच जुन्या संचावर पाहणाऱ्याच्या हेतूत चोरी शोधणे कठीण आहे. या कलमाला एक गमतीदार शेपूटही आहे: असे कुलूप ओलांडण्यास दुसऱ्याला साह्य करणाऱ्याने त्या दुसऱ्याचे नाव, पत्ता आणि प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवावी. म्हणजे बारामतीच्या बाजारपेठेतील मेकॅनिकने जुन्या टीव्हीला कन्व्हर्टर जोडून द्यायचा, तर सोल्डरिंगच्या शेजारी वहीही उघडून ठेवायची. कायदा करणाऱ्यांनी ग्राहकाच्या हेतूला मान दिला, ही भारतीय संसदेची शहाणी निवड होती. परंतु बाजारातील यंत्रे त्या निवडीला जुमानत नाहीत. ती जगभर एकाच परवान्यानुसार घडतात आणि हेतू ओळखण्याची सोय त्यांत नाही.

या परवान्याचे स्वरूप कळण्यासाठी बारामती-इंदापूरच्या माणसाला लांब जावे लागत नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी पाणी उपसायचे आणि शेवटच्या गावांनी वाट पाहायची, हे तेव्हापासूनचे दुखणे. विसाव्या शतकाच्या तोंडावर विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ बसवली, ती पाणी ठरलेल्या गटांत, ठरलेल्या पाळीने अधिक गावांना मिळावे म्हणून. तरी ‘टेलला पाणी येत नाही’ ही इंदापूरकडची तक्रार पुसली गेली नाही. पण ती तक्रार करता येते. पाळीचे वेळापत्रक असते, दारावर पाटकरी असतो, त्याच्याशी भांडता येते. कार्यालयात अर्ज देता येतो, मोर्चा नेता येतो, कायद्याचे पुस्तक उघडून दाखवता येते. एचडीसीपीच्या दारावर पाटकरी नाही. किल्ल्या देण्याचे आणि नाकारण्याचे अधिकार इंटेलच्या एका उपकंपनीकडे आहेत. एखाद्या यंत्राची किल्ली फुटली तर तिचा क्रमांक बाद यादीत घालण्याची सोय आहे, आणि ती यादी नव्या चकत्यांबरोबर घरोघर पोहोचू शकते. हे सारे उत्पादक आणि परवानादार यांच्यातील करार आहेत. टीव्ही विकत घेणारा त्या करारात कुठेच नाही. तो टेलचा शेतकरी आहे, आणि त्याच्या नावे पाळीसुद्धा लागलेली नाही.

सरकारला जुन्या संचांची चिंता करता येत नाही, असेही नाही. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या दुरुस्तीनंतर ते टप्प्याटप्प्याने आले: पुणे शहर दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ ची मुदत, बारामती आणि इंदापूरसारखी नगरपालिकांची गावे तिसऱ्या टप्प्यात, डिसेंबर २०१५, खेडी चौथ्यात, मार्च २०१७. लोकांनी कुरकुर केली, बॉक्सच्या पैशांवरून केबलवाल्याशी वाद घातले. पण त्या साध्या बॉक्सना लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा होती, म्हणून वीस वर्षांचा जाडजूड टीव्हीसुद्धा त्या स्थित्यंतरातून पार पडला. दूरदर्शनच्या विनामूल्य डिश सेवेचेही तेच. २००४ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेचा बॉक्स आजही वस्तीवरच्या जुन्या संचाला तीन पिनांनी जोडता येतो. १९८२ च्या रंगीत प्रक्षेपणात जे सौजन्य होते, त्याच जातीचे हे सौजन्य.

नव्या कुलपाने मोडली ती नेमकी ही परंपरा. जुन्याला कमी द्या, पण द्या, या रीतीच्या जागी ‘ओळख पटली नाही, तर काहीच नाही’ ही रीत आली, आणि ती कोणत्याही विधिमंडळात चर्चा न होता आली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही तिची क्षेत्रे. सुटे भाग मिळावेत, पुस्तिका मिळाव्यात, बाहेरच्या मेकॅनिकलाही काम करता यावे, या तिच्या मागण्या रास्त आहेत. परंतु काळ्या पडलेल्या टीव्हीत दुरुस्त करण्याजोगे काही नसते. त्याचा एकही भाग जळलेला नाही. दुरुस्तीचा हक्क त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला जोडणीचा हक्क हवा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये सेट-टॉप बॉक्स एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे चालावेत अशी शिफारस केली, तेव्हा या विचाराची दिशा दिसली होती. ती टीव्हीच्या सॉकेटापर्यंत न्यायला हवी.

त्यासाठी कुलूप मोडण्याची गरज नाही. ओळख न पटलेल्या संचाला पडदा काळा न करता साध्या दर्जाचे चित्र द्यावे, आणि पडद्यावर कारण लिहावे, तेही मराठीत: ‘आपला टीव्ही चांगला आहे, या यंत्राला त्याची किल्ली ओळखता आली नाही.’ एवढी एक ओळ दिसली असती तर कित्येक संच भंगारात गेले नसते. टीव्ही हा ई-कचरा नियमांखाली येणारा माल आहे. चालू संच कचऱ्यात ढकलणाऱ्या यंत्राच्या उत्पादकाला त्याचा हिशेब विचारणे गैर ठरू नये. आणि विकताना सांगावे. सपाट टीव्हींना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. संचाच्या पाठीवर नोंदणी क्रमांकाचा स्टिकर असतो, त्यावर व्होल्ट, वॅट, उत्पादनाचा महिना आणि वर्ष हे सारे असते. कोणत्या सॉकेटला कोणत्या पिढीचे कुलूप आहे, हे त्याच स्टिकरवर एका ओळीत छापता येईल. म्हणजे पुण्याहून इंदापूरला टीव्ही धाडण्यापूर्वी मुलाने तो उलटा करून वाचला, की स्टिक घ्यायची की दूरदर्शनची डिश, हे त्याला टेम्पो ठरवण्याआधीच कळेल.